सेंट लुईस 1904चा तिकीट-संच: चित्रापेक्षा शिक्का बघा

नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात अमेरिकेतल्या 1904च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनाचा, पोस्टाच्या पाच तिकिटांचा वापरलेला संच विक्रीला आहे. तिकिटं अस्सल आहेत. संच मात्र घाईत जुळवलेला.

1 सेंटवर लिव्हिंग्स्टन, 2वर जेफरसन, 3वर मनरो. ही 1803 साली फ्रान्सकडून लुइझियाना हा प्रदेश अमेरिकेसाठी विकत घेणारी मंडळी; प्रदर्शन त्याच खरेदीच्या स्मरणार्थ. 5वर अमेरिकी राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले, 10वर त्या प्रदेशाचा नकाशा. प्रदर्शन भरलं त्या फॉरेस्ट पार्कातले प्लास्टरचे महाल, शिकागोहून आणून उभारलेला 264 फुटी आकाशपाळणा, यातलं काहीच तिकिटांवर नाही! शहर दिसतं ते शिक्क्यात. म्हणून सेंट लुईसचं नाव आणि 30 एप्रिल ते 1 डिसेंबर 1904 मधली तारीख वाचता येईल असाच नग घ्यावा. इथे तीन तिकिटांवर नुसत्या जाड काळ्या रेघा आहेत.

तपासणी सोपी आहे. काळ्या ताटलीत तिकीट पालथं ठेवून लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब टाका (उदबत्ती लांब ठेवा). कागदातल्या जलचिन्हाचा, म्हणजे दुहेरी रेघेतल्या ‘यूएसपीएस’ अक्षरांचा तुकडा उमटायला हवा. पाचही तिकिटांत तो उमटला. पण त्याच पेट्रोलात 3 सेंटच्या पाठीवर डाळीएवढा गडद डाग दिसला. जुना हिंज (तिकीट अल्बमला चिकटवायची कागदी पट्टी) ओढून काढताना कागद सोलला गेलाय. समोरून हे कळत नाही. छिद्रं चारही बाजूंनी 2 सेंटिमीटरला 12, म्हणजे बरोबर. 10 सेंटचं चित्र डावीकडे सरकलंय, त्याला दोष देऊ नये. छपाई ओल्या कागदावर व्हायची, वाळताना कागद आकसायचा आणि छिद्रांची ओळ चुकायची.

2 सेंटची सुमारे 19 कोटी तिकिटं निघाली, 3 सेंटची जेमतेम 45 लाख, 10 सेंटची 40 लाख. म्हणजे संचाचे पैसे पडतात ते 3, 5 आणि 10 सेंटचे, आणि त्यातलंच 3 सेंट अधू.

दुकानात हा संच ठेवलाय कूलरसमोरच्या काचेत. वापरलेल्या तिकिटांना डिंक नसतो म्हणून निभावलं. कोरी असती तर त्या दमट झोताने मे महिन्यातच पानाला चिकटली असती. घरी अल्बम उभा ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि मऊ प्लास्टिकचे खिसे टाळा.

दुकानदार संच फोडून देत असेल तर 5 आणि 10 सेंट घ्या. 1 आणि 2 सेंट चांगल्या शिक्क्याचे सहज मिळतात.