मायक्रोवेव्हमधला वास: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जानेवारीत एका सकाळी आईनं दुधाचा पेला अर्धा पिऊन ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "दुधाला कसला तरी वास येतोय रे." मला लगेच कळलं कसला ते. आदल्या रात्री मी त्याच मायक्रोवेव्हमध्ये सुकट गरम केली होती. मेव्हण्यानं चिपळूणहून आणलेली, कांदा घालून परतलेली. आई माळकरी आहे. आमच्याकडे मासे-मटण होतं ते मागच्या पडवीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यांत. ती चाळीस वर्षांची शिस्त मी दीड मिनिटात मोडली होती. आई रागावली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दूध गॅसवर तापवायला लागली. तिचे हात थरथरतात, पातेलं उतरवताना चिमटा नीट धरवत नाही. ते पाहवेना, म्हणून मी या वासाच्या मागे लागलो.

यंत्र म्हणाल तर दसऱ्याला घेतलेला २८ लिटरचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, म्हणजे लहरींशिवाय गरम हवेनंही भाजणारा. मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असतो, विश्रामबागला घरी पोचेपर्यंत पावणेबारा होतात. बायकोची शाळा सकाळची, ती तोवर झोपलेली असते. गॅसवर आमटी गरम करायची म्हटलं की भांडी वाजणार, आईची झोप मोडणार. आता काचेचा वाडगा आत ठेवला की दोन मिनिटांत जेवायला बसता येतं. त्या कामात आठ महिन्यांत त्यानं एकदाही दगा दिलेला नाही. तक्रार एकच होती, वासाची.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. अर्धं लिंबू कपभर पाण्यात पिळून चार मिनिटं लावलं. दार उघडल्यावर छान लिंबाचा वास आला. मला वाटलं झालं काम. संध्याकाळी परत सुकटीचाच वास. मग लवंग-दालचिनी उकळून पाहिली, तर लवंगेचा वास आला आणि त्याच्या खालून सुकटीचा. मग सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "वास जात नसतो साहेब, सवय होते." हे उत्तर मला पटलं नाही. घरात वयस्कर माणूस असताना सवय कोणी कोणाला करायची?

खरं कारण कळायला महिना गेला. गॅसवरची कढई किंवा तंदूर स्वतः तापते, तिच्यावर उडालेलं तेल जळून जातं. मायक्रोवेव्हचं उलट आहे. आतल्या २४५० मेगाहर्ट्‌झच्या लहरी मुख्यतः अन्नातल्या पाण्याला तापवतात, भिंती मात्र जवळजवळ गारच राहतात. रश्श्यातून निघालेली वाफ तेलाचे बारीक कण घेऊन वर येते आणि त्या गार भिंतीवर बसते. पाणी सुकून जातं, तेलाचा पातळ थर राहतो. लसूण, कांदा, मासे यांचा वास तेलात मुरतो, लोणच्याच्या बरणीच्या झाकणात मुरतो तसा. म्हणजे वास आतल्या हवेत नसतो, भिंतीवरच्या चिकटपणात असतो. पुढच्या वेळी काही गरम केलं की तो थर थोडा ऊबदार होतो आणि वास पुन्हा सुटतो. त्यामुळे लिंबाची नुसती वाफ देऊन दार उघडून टाकलं तर काही होत नाही. वाफेनं थर सुटा होतो, पण तो काढायचा हातानंच, फडक्यानं.

आता मी करतो ते असं. काचेच्या वाडग्यात कपभर पाणी, त्यात एक अख्खं लिंबू पिळायचं, सालंही टाकायची. पाण्यात लाकडी चमचा उभा ठेवायचा. तो विसरू नका, कारण नुसतं पाणी उकळीच्या पुढे तापूनही शांत दिसू शकतं आणि हलवल्यावर एकदम उसळून हात भाजतो. चार मिनिटं लावायचं आणि मग दहा मिनिटं दार अजिबात उघडायचं नाही. काच आतून घामेजलेली दिसली पाहिजे. मग वाडगा सांभाळून बाहेर, प्लग काढायचा, आणि कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून पिळलेल्या सुती फडक्यानं पुसायचं. फडकं पहिल्यांदा पिवळट निघतं. ते धुऊन पुन्हा. दुसऱ्यांदा कमी पिवळं. फडकं पांढरं निघेपर्यंत थांबायचं नाही. शेवटी साध्या ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं.

पुसण्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे कुठे पुसायचं. मी पहिले दोन महिने चारी भिंती आणि काचेची थाळी चकचकीत करत होतो, वास तसाच. मग एका रविवारी हॉलमधला टॉर्च आणून, मान आत घालून वर पाहिलं. छतावर, ग्रिलच्या कांबीभोवती तपकिरी ठिपके. मसूर फुटून उडालेले. (आमच्याकडे आठवड्यातून दोनदा अख्खा मसूर असतो, इस्लामपूरकडचा, म्हणजे आताच्या ईश्वरपूरकडचा नाद आहे आमचा.) थाळीखालच्या चाकांच्या रिंगणाच्या खोबणीत वाळलेलं दूध. दाराच्या आतल्या कडेला, जिथे काच आणि चौकट मिळतात तिथे, बोट फिरवलं तर बोट काळं. आणि उजव्या भिंतीवरची ती करडी पुठ्ठ्यासारखी चकती.

तिच्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माझा निम्मा वास तिथे होता. ती पुठ्ठ्याची नाही, अभ्रकाची असते. लहरी जिथून आत येतात त्या तोंडावरचं ते झाकण. बऱ्याच जणांना वाटतं पॅकिंगचा तुकडा राहिलाय आणि ते काढून टाकतात. काढू नका. तिच्यावर तेल बसलं की ती ते पिऊन घेते, आणि फार झालं की तिथे ठिणग्या पडायला लागतात. माझ्या चकतीच्या खालच्या कोपऱ्यात मोहरीएवढा काळा ठिपका पडला होता. नाकाजवळ नेली तर सरळ सुकट. ती पाण्यात भिजवायची नसते, नुसती ओलसर फडक्यानं हलकी पुसून पूर्ण कोरडी करायची. माझी पुसण्यापलीकडे गेली होती. दुरुस्तीच्या दुकानातून अभ्रकाचा मोठा तुकडा आणला, जुनी चकती वर ठेवून पेन्सिलनं आखलं, कात्रीनं कापलं. शंभर रुपयांच्या आत काम झालं आणि त्या रात्रीपासून फरक कळला. एवढं एक घरी करता येतं. बाहेरचं पत्र्याचं कव्हर मात्र कोणीही उघडू नये. आतला वीज साठवणारा कपॅसिटर प्लग काढल्यावरही धक्का देऊ शकतो.

आता लिंबू की सोडा. मी दोन्ही भरपूर वापरले आणि माझं मत स्पष्ट आहे, वास कोणता त्यावर ठरतं. मासळीचा वास क्षाराच्या अंगाचा असतो, त्यावर आंबट लागतं. लिंबू किंवा व्हिनेगर त्याला बांधून टाकतं, मग तो उडत नाही. मासळीवर नुसता सोडा टाकून फायदा नाही, मी चार दिवस ती चूक केली. उलट ताक, कढी, नासलेलं दूध असले आंबट वास असतील तर खायचा सोडा चांगला. दोन चमचे सोड्यात थोडं पाणी घालून थाळीला आणि तळाला लेप, अर्धा तास, मग पुसून काढायचं. रात्रभर बशीत कोरडा सोडा ठेवला तरी चालतो. व्हिनेगर लिंबापेक्षा स्वस्त आहे, पण त्याचा स्वतःचा दर्प तासभर राहतो. आईला तो सहन होत नाही, म्हणून आमच्याकडे लिंबूच.

जळका वास ही वेगळीच गोष्ट. मार्चमध्ये भडंगासाठी शेंगदाणे भाजायला ठेवले आणि बायकोनं तीन मिनिटं म्हटलं होतं तिथे मी सहा लावली. बाहेरून दाणे बरे दिसत होते, आतून काळे. दार उघडलं तर स्वयंपाकघर धुरानं भरलं. त्या वासाला लिंबू हात लावत नाही. धुराचा डांबरासारखा थर बसलेला असतो, तो साबण आणि सोड्यानंच सुटतो. तीन दिवस रोज पुसलं. तरी उरला तो शेवटी कन्व्हेक्शननं घालवला. आतून सगळं पुसून झाल्यावर, खिडकी उघडून, रिकामाच २०० अंशांवर पंधरा मिनिटं तापवला. थोडा धूर आला, वास आला, आणि गार झाल्यावर निम्म्यानं कमी. दोनदा केलं. हे फक्त कन्व्हेक्शन मोडवर, मायक्रो मोडवर रिकामं यंत्र कधीही चालवायचं नाही, लहरींना शोषायला काही नसलं की त्या लहरी तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉनवर येतं. फक्त लहरींवर चालणारा साधा सोलो मायक्रोवेव्ह असेल तर हा उपाय तुम्हाला नाही. मग रात्री बंद यंत्रात ॲक्टिव्हेटेड चारकोलची, म्हणजे वास शोषणाऱ्या खास कोळशाची पुरचुंडी ठेवा. सकाळी वापरायच्या आधी ती बाहेर काढायची म्हणजे काढायचीच, आत राहिली तर पेट घेईल. मी दारावरच चिठ्ठी चिकटवली होती.

हळदीच्या डागांचं बऱ्याच जणांनी मला विचारलं. मार्केट यार्डातून आम्ही वर्षाची राजापुरी हळद भरतो, तेव्हा आमच्या घरात काय काय पिवळं होतं ते विचारू नका. थाळीखालचं प्लॅस्टिकचं रिंगण घासून घासून पांढरं होईना. मग गच्चीवर उन्हात ठेवलं. दोन दिवसांत पिवळा रंग उडाला. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, घासण्याची गरजच नव्हती. उन्हानं त्याचा वासही बराच गेला.

रोजचं म्हणाल तर आता तीनच गोष्टी सांभाळतो. झाकल्याशिवाय काही गरम करत नाही. जेवण झालं की भांडं घासायच्या आधी, आत ऊब असतानाच एक हात फडकं फिरवतो, त्याला अर्धं मिनिट लागतं. आणि दार लगेच बंद करत नाही. प्लग काढून, दाराच्या फटीत कपड्यांचा लाकडी चिमटा अडकवतो आणि अर्ध्या तासानं, झोपायला जाताना काढतो. रात्रभर उघडं ठेवून पाहिलं होतं, पण झुरळं आत जातात. सुकट आता पडवीतच गरम होते, शिफ्टवरून आल्यावर कितीही कंटाळा आला असला तरी.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी मी उठलो तर आई मायक्रोवेव्हसमोर उभी होती, पेला आत फिरत होता. तिनं बाहेर काढून आधी वास घेतला, मग प्यायली. मी काही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. त्यानंतर पातेलं खाली आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. यंत्राबरोबर घेतलेलं प्लॅस्टिकचं जाळीचं झाकण. लिंबू झालं, सोडा झाला, चार दिवसांचं कडक ऊन झालं, त्यातला कांदा-लसूण मसाल्याचा वास जात नाही. प्लॅस्टिकच तो पिऊन बसलंय. आईच्या पेल्यावर मी आता काचेची बशी ठेवतो, आणि पगार झाला की काचेचं झाकण आणणार आहे.