बांधातला गंजलेला पाइप: आत नवा सरकवायचा, उकरून बदलायचा की सायफन बसवायचा?

मातीच्या छोट्या बांधाखालून नेलेला पन्हळी लोखंडी पाइप साधारण २५ ते ५० वर्षांत गंजतो, आम्लधर्मी पाण्यात त्याहून लवकर. बांध मात्र तोवर ठणठणीत दिसत असतो, म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते.

कोणताही पर्याय निवडण्याआधी पायथ्याशी जाऊन पाइपाच्या बाहेरून पाणी येतंय का, ते पाहा. स्वच्छ पाझर असेल तर विचाराला वेळ आहे. पाणी गढूळ असेल, किंवा बांधावर पाइपाच्या रेषेत खड्डा पडला असेल, तर माती आतून वाहून चालली आहे. मग ही तुलना बाजूला ठेवा. खालच्या बाजूला राहणाऱ्यांना लगेच सावध करा, धरणांचं काम जाणणाऱ्या अभियंत्याला बोलवा आणि त्याच्या सल्ल्याने पाणी उतरवा.

जुन्या पाइपात प्लॅस्टिकचा नवा पाइप सरकवून मधली फट सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरणं सर्वांत स्वस्त आणि झटपट. ६० सेंटिमीटरच्या पाइपात ४५ चा घातला तर आतलं क्षेत्रफळ ४४ टक्के घटतं. नव्या पाइपाच्या गुळगुळीतपणामुळे ही घट बरीच भरून निघते, पण किती ते गणित मांडूनच ठरवा. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. धोका बहुधा पाइपाच्या बाहेर, माती आणि धातू यांच्या सांध्यात असतो, आणि तिथल्या पोकळ्या आतून दिसतही नाहीत. त्यामुळे हा मार्ग घेतलात तरी कोरड्या बाजूचा शेवटचा भाग उकरा आणि पाइपाभोवती योग्य प्रतीच्या वाळूचा गाळणथर घाला. पाणी निघून जातं, माती अडते.

पूर्ण उकरून बदलायचं तर खर्च मोठा आणि तळं रिकामं करावंच लागतं, तेही हळूहळू. झटकन उतरवलं तर पाण्याकडचा ओला उतार घसरू शकतो. पण बांधाचं पोट उघडं पडतं, काय बिघडलंय ते कळतं. चराच्या बाजू उभ्या ठेवू नका. नवी माती खाली बसताना त्या कडांना अडकून राहते आणि आत चिरा पडतात. भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी, माती किंचित ओलसर ठेवून दाबायचा. पाइपालगत छोटं दाबयंत्र. पूर्वी पाइपालगतचा पाझर अडवायला त्याला काँक्रीटच्या कॉलरी, म्हणजे रुंद कडी, घालत. त्यांच्याभोवती माती नीट दाबली जात नाही, म्हणून आता वाळूच्या गाळणथरावर भर असतो.

सायफन म्हणजे पाण्याने भरलेला हवाबंद पाइप, तळ्यातलं पाणी वर चढवून पलीकडे खाली सोडणारा. तो माथ्यावरून जातो, बांध फारसा फोडावा लागत नाही. समुद्रसपाटीलाही हवेचा दाब पाणी जेमतेम १०.३ मीटर उचलू शकतो. व्यवहारात ६ मीटरच्या आसपासच थांबावं. कुठेही हवा शिरली की प्रवाह तुटतो. सायफन बसवला तरी जुना पाइप पूर्ण भरून बंद करावाच लागतो, आणि सायफन काही सांडव्याची जागा घेत नाही. पुराचं पाणी माथ्यावरून गेलं तर मातीचा बांध टिकत नाही.

बांध ४-५ मीटरपर्यंतचा असेल तर मी उकरून बदलीन. उंच असेल, पाइप अजून गोल असेल आणि बाहेर माती वाहिल्याची खूण नसेल, तर आतला पाइप आणि गाळणथर. सायफन मी पाणी उतरवण्याच्या कामापुरताच धरतो.

तळं पुन्हा भरताना टप्प्याटप्प्याने भरा आणि त्या काळात रोज पायथा तपासा. दुरुस्तीतली चूक बहुतेकदा याच पहिल्या भरतीत उघड होते.