कबड्डीच्या मैदानावर पारदर्शक अलायनर : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

समोरचे दात सरळ करून घेण्यासाठी मी गेल्या वर्षी सांगलीतल्या एका दवाखान्यात पारदर्शक अलायनरचे उपचार सुरू केले. अलायनर म्हणजे दातांवर चपखल बसणारी, काढता-घालता येणारी प्लास्टिकची पातळ खोळ; वरच्या आणि खालच्या दातांची मिळून एक जोडी. एकूण 27 जोड्या आणि प्रत्येक जोडी दहा दिवस, या हिशेबाने उपचार नऊ महिन्यांत व्हायचे होते आणि जवळजवळ तसेच झाले. मी रोज पहाटे कृष्णेच्या घाटाकडे धावायला जातो, आठवड्यातून तीनदा व्यायामशाळेत वजने उचलतो आणि वयाच्या चौतिशीतही मंडळाच्या संघातून कबड्डी खेळतो. दात उत्तम सरळ झाले आहेत. खेळणाऱ्या माणसाने हे उपचार घ्यावेत का, एवढ्याच प्रश्नापुरता हा अभिप्राय आहे.

धावताना अलायनरचा त्रास जवळपास होत नाही. दम लागला की आपण तोंडाने श्वास घेऊ लागतो आणि तोंड कोरडे पडते. त्यावर अधूनमधून साध्या पाण्याचे दोन घोट पुरतात. साधे पाणी असे मी मुद्दाम म्हणतो. अलायनर न काढता लिंबूसरबत किंवा ग्लुकोजचे पाणी प्यायले, तर ते आंबट-गोड पाणी दात आणि प्लास्टिक यांच्यामध्ये अडकून राहते, लाळेला ते धुऊन काढता येत नाही आणि दात किडण्याची सुरुवात तिथे होते.

वजने उचलताना आपण दात किती आवळतो, हे मला अलायनर लावेपर्यंत ठाऊक नव्हते. अकराव्या जोडीतला खालचा अलायनर डेडलिफ्टच्या वेळी उजव्या दाढेपाशी तडकला. डॉक्टरांनी बारावी जोडी दोन दिवस आधीच सुरू करायला सांगितली म्हणून निभावले. तेव्हापासून आधीची जोडी फेकून न देता मी डबीत जपून ठेवत आलो.

कबड्डीचा प्रश्न मात्र वेगळा आणि गंभीर आहे. अलायनर घातला की दातांना कवच मिळाले, असा समज आमच्या संघातही होता. ते प्लास्टिक एक मिलिमीटरहूनही पातळ असते आणि दाताला हळूहळू ढकलण्यासाठी बनवलेले असते. पकडीत कुणाचे कोपर तोंडावर बसले तर तो धक्का शोषण्याची ताकद त्यात नसते. म्हणून अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात अलायनर काढून माउथगार्ड, म्हणजे दातांना मार लागू नये म्हणून तोंडात घालायचे जाड मऊ आवरण, घालणे हाच योग्य मार्ग आहे. मी दुकानातून गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायचा साधा गार्ड आणला आणि तिथेच चूक झाली. अलायनर घट्ट बसावा म्हणून दातांवर अटॅचमेंट नावाचे दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात. मऊ झालेला गार्ड त्या उंचवट्यांभोवती घट्ट आवळला आणि पहिल्याच सामन्यानंतर तो ओढून काढताना सुळ्यावरचा उंचवटा त्याच्याबरोबर निघून आला. तांदळाच्या कणीएवढा तो तुकडा गार्डच्या आत रुतलेला मी पंचांच्या टेबलाशेजारी उभा राहून पाहत होतो. शिवाय दात दर दहा दिवसांनी थोडे सरकत असल्यामुळे असा गार्ड दोन-तीन जोड्यांनंतर बसेनासाच होतो. शेवटी दातांना तारांच्या ब्रेसेस लावलेल्यांसाठी मिळणारा, आतली खाच मोकळी असलेला सिलिकॉनचा गार्ड घेतला आणि उरलेले सगळे सामने त्यावर खेळलो.

पकडी नसलेल्या हलक्या सरावात मी अलायनर तोंडातच ठेवत असे. चढाईत 'कबड्डी'चा उच्चार स्पष्ट आणि अखंड हवा, म्हणून मला धास्ती होती. नवी जोडी घातल्यावर पहिले दोन दिवस 'स' आणि 'च' बोबडे येतात, हे खरे. पण 'कबड्डी'तला 'क' घशाजवळ, 'ब' ओठांवर आणि 'ड' टाळूवर उमटत असल्यामुळे दातांवरच्या प्लास्टिकचा त्यांना अडथळा होत नाही. तोंडात लाळ मात्र जास्त सुटते आणि तीस सेकंदांच्या चढाईत ती गिळायची उसंत मिळत नाही.

खरी कसोटी वेळेची असते. अलायनर दिवसातले 22 तास तोंडात हवा, म्हणजे जेवण, चहा आणि दात घासणे यांसाठी मिळून दोनच तास उरतात. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मधली पाच मिनिटे, त्याआधीचे अंग मोकळे करणे, असे धरले तर एका सामन्यातच सव्वा तास जातो. स्पर्धेत एका दिवशी दोन सामने आले की हिशेब कोलमडतो. अशा दिवशी मी चहा पूर्ण बंद ठेवला, तरी पुढची जोडी बसताना दात ठणकले आणि डॉक्टरांनी ती दोन दिवस जास्त वापरायला लावली. हळदीच्या या गावात आणखी एक पथ्य सांगायलाच हवे : आमटी-भात खाऊन चूळ न भरता अलायनर चढवला की संध्याकाळपर्यंत तो पिवळा दिसतो, आणि तो गरम पाण्याने धुतला तर आकारच बिघडतो.

दवाखान्याबद्दल माझी एक मनापासूनची तक्रार आहे. पहिल्या भेटीत पडद्यावर दात कसे सरकतील हे अर्धा तास दाखवले गेले, पण मी कोणता खेळ खेळतो हे कुणीही विचारले नाही आणि माउथगार्डचा विषय तर उंचवटा निघाल्यावर मीच काढला. तो पुन्हा चिकटवायला चार दिवस लागले. पैसे घेतले नाहीत, हे नमूद करतो. सामन्याच्या गडबडीत कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेली एकोणिसावी जोडी कचऱ्यात गेली, तिचे पैसे मात्र वेगळे द्यावे लागले आणि ही अट करारात बारीक अक्षरांत होती.

धावणाऱ्यांना आणि व्यायामशाळेत जाणाऱ्यांना मी हे उपचार निःशंकपणे सुचवीन. तारांच्या ब्रेसेसने ओठ आतून सोलवटतात, तो त्रास यात नाही. कबड्डी किंवा कुस्ती खेळणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी गार्ड कोणता वापरायचा, निघालेला उंचवटा किती दिवसांत बसवून मिळेल आणि हरवलेल्या जोडीचे किती पैसे पडतील, हे लेखी घ्यावे. आणि शक्य असेल तर स्पर्धांचा हंगाम आटोपल्यावरच पहिली जोडी घालावी.