इस्तंबूलमधलं रहस्य: गुडविन की पामुक?

भाचीला एकच पुस्तक घ्यायचंय: जेसन गुडविनचं ‘द जॅनिसरी ट्री’ की ओरहान पामुकचं ‘माय नेम इज रेड’?

गुडविनचा काळ १८३६, ऑटोमन सुलतानाचं खास जॅनिसरी सैन्य मोडून दहा वर्षं झालेली. तपास करणारा याशिम खोजा आहे, त्यामुळे जनानखान्यातही त्याला मज्जाव नाही. मधूनच तो स्वतः रांधतो. ती पानं मला फार आवडतात. वेग छान, दोन रात्रींत संपतं.

पामुक १५९१ मध्ये नेतो. विहिरीत पडलेलं प्रेतच पहिल्या प्रकरणात बोलतं. पुढे कुत्रा, झाड, नाणंसुद्धा! खुनी लघुचित्रकारांपैकीच, आणि सुगावा चित्रातल्या घोड्याच्या नाकपुड्यांत. वेळ मात्र मागतं.

प्रवासात वाचायला गुडविन. चित्रांची ओढ आणि महिनाभराची सवड असेल, तर पामुकच घे.