महालक्ष्म्यांच्या आरासीला गाण्यावर चालणारे दिवे: माइकवर की आधी बसवून?

महालक्ष्म्या तीनच दिवस घरात असतात. अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पुरणाचा नैवेद्य, मूळ नक्षत्रावर विसर्जन. मखराचे दिवे पहिल्याच संध्याकाळी बिघडले तर दुरुस्तीला सवड कुणालाच नसते, म्हणून पद्धत आधी ठरवलेली बरी. परभणीला आमच्या घरी एक वर्ष दिवे माइकवर चालवले, एक वर्ष गाण्याप्रमाणे आधी बसवून.

माइकसाठी ईएसपी32 हा दिवे चालवणारा छोटा वायफाय बोर्ड, आयएनएमपी441 हा चिमुकला माइक आणि बोर्डात डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर लागतं. ते आवाजातले जाड-बारीक सूर वेगळे काढतं, त्यामुळे ढोलकीचा ठेका एलईडी दिव्यांच्या एका पट्टीवर आणि टाळांची किणकिण दुसऱ्या पट्टीवर उमटवता येते. कुकरची शिट्टी झाली तरी मखर लखलखतं, हे मात्र खरं. माइक टाळाजवळ आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

आधी बसवायचं तर लॅपटॉपवर एक्सलाइट्स हे गाण्यावर दिवे बसवायचं सॉफ्टवेअर घ्या, तेही मोफत आहे. त्यात 25 मिलिसेकंदांचा टप्पा धरला तर सेकंदाला दिव्यांची 40 चित्रं (फ्रेम) होतात, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला 9600. इफेक्ट सॉफ्टवेअर देतं, पण कोणत्या ठोक्याला काय पेटवायचं ते आपणच ऐकून ठरवायचं. मला एका गाण्याला चार रात्री लागल्या. पण धृपद आलं आणि दोन्ही मुखवट्यांमागची प्रभावळ एकदम उजळली, तेव्हा आई पदर सावरत उठून उभी राहिली. माइकला धृपद कळत नाही, त्याला फक्त आवाज कळतो.

तरीही मी माइककडे झुकतो. आमच्याकडे आरती घरातलीच माणसं म्हणतात. आत्या शेवटचं कडवं लांबवते, पोरं टाळ्यांची घाई करतात. बसवलेले दिवे तेव्हा आपल्याच चालीने पुढे निघून जातात. हळदी-कुंकवाला येणाऱ्यांना रेकॉर्ड लावून दाखवायचं असेल तर मात्र बसवलेलंच घ्या आणि स्पीकर वायरचा लावा. ब्लूटूथवर आवाज मागे राहतो आणि दिवे आधी पेटतात. माइकला ही अडचण नाही, तो खोलीत पोचलेलाच आवाज ऐकतो. सुरुवात माइकने केली तरी काही वाया जात नाही, कारण तीच पट्टी आणि तोच बोर्ड पुढे वायफायवरून एक्सलाइट्सला जोडता येतो.

वीज दोन्हीकडे सारखीच जपावी लागते. डब्ल्यूएस2812बी या प्रकारच्या एलईडी पट्टीचा एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे 60 मिलिअँपिअर घेतो. म्हणजे 150 दिव्यांना 5 व्होल्टवर 9 अँपिअर. आमच्या मखराच्या टोकाचे दिवे पांढऱ्याऐवजी तांबूस दिसत होते. पट्टीत व्होल्टेज उतरलं की निळा आणि हिरवा आधी मंदावतात, लाल टिकून राहतो. पॉवर सप्लायपासून दोन जाड वायरी थेट टोकाला नेल्या आणि रंग जागेवर आला. लाइट जाऊन परत आली की ईएसपी32 काही सेकंदांत पुन्हा सुरू होतो, लॅपटॉप मात्र इन्व्हर्टरवर असू द्या. सप्लाय तापतो. तो साड्यांच्या निऱ्यांपासून आणि कापसाच्या वस्त्रांपासून लांब, उघड्यावर ठेवा.