सुकाऊ, साबा : दोन रात्री, चार होडीफेऱ्या

मुलाकडे क्वालालंपूरला आलो होतो, तिथून बोर्निओ बेटावरच्या मलेशियाच्या साबा राज्यात, सुकाऊ गावाला जाऊन आलो. लॉजचं नाव घेत नाही, कारण पहिल्याच रात्री 'व्हेज' म्हणून समोर आलं ते भात, काकडी आणि वर तळलेला मासा.

सांदाकानहून व्हॅनने अडीच तास लागतात. जंगल बघायला म्हणून मी मुद्दाम खिडकीशी बसलो, तर दोन्ही बाजूंना पामच पाम. उसाच्या फडासारखे ओळीत, संपतच नाहीत. पुढे काटेरी लालकाळ्या घडांनी भरलेला ट्रक. आमचा धंदा ट्रान्सपोर्टचा, म्हणून ड्रायव्हरशी गप्पाही डिझेलच्याच झाल्या. इथल्या डिझेलमध्ये दहा टक्के बायोडिझेल, म्हणजे पामतेलापासून केलेलं इंधन असतं म्हणाला. शेजारच्या इंडोनेशियात 2025 पासून चाळीस टक्के.

मग इथलं जंगल डिझेलपायी गेलं का? तसं थेट नाही. ते बरंचसं आधीच तुटलं, लाकडासाठी आणि मग खाद्यतेलासाठी. बायोडिझेल नंतर आलं. पण जुन्या बागेचं तेल गाडीच्या टाकीत जायला लागलं, की कढईसाठी कुठेतरी नवी बाग लागतेच. युरोपियन युनियनने 2019 मध्ये याच मुद्द्यावर पामचं बायोडिझेल 2030 पर्यंत आपल्या हरित ऊर्जेच्या हिशेबातून काढायचं ठरवलं. मलेशिया त्यावरून जागतिक व्यापार संघटनेत भांडायला गेला.

किनाबातांगान नदीतली होडी मात्र पाचपैकी पाच. संध्याकाळी लांबनाकी माकडं काठच्या झाडांवर झोपायला येतात. नराचं नाक अगदी वांग्यासारखं लोंबतं. धनेश दिसले, मगर दिसली, दुसऱ्या दिवशी हत्तींचा कळपसुद्धा. एवढे प्राणी इतक्या सहज कसे दिसतात, असं मी विचारलं. गाईडने इंजिन बंद करून होडी काठाला लावली. झाडांच्या फटीतून पलीकडे पामच्या सरळ ओळी दिसत होत्या. फार तर दोनशे पावलांवर.

"जाणार कुठे?" एवढंच म्हणाला.

त्या मासेवाल्या रात्री बायकोने साताऱ्याहून आणलेला चिवडा काढला. व्हरांड्यातल्या दिव्याखाली पाकीट उलटून बघितलं : पामोलिन तेल. भूक लागली होती, दोघांनी संपवला.

एकूण चार तारे. एक कापला तो माशाचा.