25 मीटर, 50 मीटर की समुद्र? कोकणात नियमित पोहण्यासाठी जागा निवडताना

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात राहून व्यायामासाठी अथवा स्पर्धेच्या तयारीसाठी नियमित पोहायचे ठरवले, तर निवडीला फारसा वाव नसतो. पण आहे त्यातली निवड चुकली की वर्षाचा पास काढलेला माणूस दुसऱ्या महिन्यातच तलावाकडे फिरकेनासा होतो. बहुतेकांपुढे तीन पर्याय असतात. पहिला, गावातला किंवा तालुक्याच्या ठिकाणचा साधारण 25 मीटरचा सार्वजनिक तलाव; दुसरा, क्रीडा संकुलातला मोठा, जेथे असेल तेथे 50 मीटरचा तलाव, जो बहुधा घरापासून लांब पडतो; आणि तिसरा, समोरचा समुद्र. रिसॉर्टचे तलाव या तुलनेत धरलेले नाहीत. दहा-बारा मीटरच्या वेड्यावाकड्या आकाराच्या तलावात डुंबता येते, सराव होत नाही.

चौकशी करताना लोक आधी लांबी विचारतात, म्हणून तेथूनच सुरुवात करू. एक किलोमीटर पोहायचे तर 25 मीटरच्या तलावात 40 फेऱ्या होतात आणि 50 मीटरच्या तलावात 20. छोट्या तलावात दर 25 मीटरला भिंतीला पाय देऊन पुढचे काही मीटर जवळजवळ फुकटात मिळतात आणि खांद्यांना क्षणभर विश्रांतीही मिळते. त्यामुळे त्याच माणसाची 100 मीटरची वेळ मोठ्या तलावातल्या वेळेपेक्षा एक-दोन सेकंदांनी चांगली दिसते. ज्यांना शालेय किंवा राज्य पातळीवरच्या स्पर्धेत उतरायचे आहे, त्यांनी हा फरक लक्षात घ्यावा, कारण स्पर्धा 50 मीटरच्या तलावात असेल तर छोट्या तलावातल्या वेळेवर बांधलेला अंदाज कोलमडतो. केवळ तब्येतीसाठी पोहणाऱ्याला मात्र लांबीने काडीचा फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. आठवड्यातून तीन दिवस 50-50 मिनिटे पोहले की हा हिशेब पुरा होतो, आणि त्यासाठी घराजवळचा छोटा तलाव पुरेसा आहे.

लांबीपेक्षा महत्त्वाचा, पण पास काढताना सहसा न विचारला जाणारा प्रश्न बॅचचा आहे. सार्वजनिक तलावाचा दिवस पाऊण-एक तासाच्या बॅचमध्ये विभागलेला असतो, आणि त्या बॅचमध्ये शिकाऊ मुले, मौजेसाठी आलेली मंडळी आणि फेऱ्या मारणारे असे सगळे एकत्र सोडतात की फेऱ्या मारणाऱ्यांसाठी दोर बांधून लेन वेगळ्या ठेवतात, यावर तुमचा सराव ठरतो. स्पर्धेच्या तलावात एक लेन अडीच मीटर रुंद असते आणि त्यात चार-पाच जण एकामागोमाग गोल फिरत सहज पोहू शकतात. दोर नसलेल्या तलावात मात्र तेवढेच चार-पाच जण एकमेकांना चुकवण्यातच दमतात. दोर लावणाऱ्या 25 मीटरच्या तलावाला मी दोर न लावणाऱ्या 50 मीटरच्या तलावापेक्षा वरचे स्थान देईन. महिलांनी तर बॅचची चौकशी आणखी बारकाईने करावी. अनेक ठिकाणी महिलांची स्वतंत्र बॅच असते, पण ती सकाळी कामाला जाण्याआधी असते की भर दुपारी उन्हात, हे फलकावरच्या ‘महिलांसाठी राखीव’ या दोन शब्दांवरून कळत नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी शिबिरे सुरू झाली की मुंबईहून सुटीला आलेल्या मुलांसह सगळा उथळ भाग भरून जातो. त्या दोन महिन्यांत पहाटेच्या पहिल्या बॅचखेरीज कोठेही नीट सराव होईल अशी आशा धरू नये.

यानंतर पाणी. पैसे भरण्यापूर्वी तलावाच्या खोल बाजूला काठावर उभे राहून तळाची जाळी पाहावी. तिचे गज स्वच्छ दिसत असतील तर गाळण यंत्रणा चालू आहे असे समजावे. जाळी नुसती काळसर डाग वाटत असेल तर त्या दिवशी परत फिरावे, कारण गढूळ पाण्यात बुडणारा माणूस जीवरक्षकालाही दिसत नाही. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी जास्त शुद्ध, हा समज उलटा आहे. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जी संयुगे बनतात, त्यांचा तो वास असतो आणि डोळे चुरचुरतात तेही बहुतांशी त्यांच्यामुळेच. पाण्यात मोकळे क्लोरीन लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम आणि सामू (पीएच) 7.2 ते 7.8 असावा, ज्या तलावावर हे आकडे रोज फळ्यावर लिहिले जातात, तेथे कोणीतरी लक्ष घालणारे आहे हे निदान कळते. मोकळे क्लोरीन कडक उन्हात झपाट्याने उडून जाते, म्हणून उघड्या तलावात रात्री मात्रा दिल्यानंतरची सकाळची बॅच ही संध्याकाळच्या बॅचपेक्षा बरी. पावसात अडचण वेगळी असते: पावसाच्या पाण्याने क्लोरीन पातळ होते, सामू बदलतो, आवारातली तांबडी माती पायांबरोबर आत येते आणि विजा चमकू लागल्या की तलाव रिकामा करावाच लागतो. छप्पर असलेला तलाव जवळपास असेल, तर कोकणात तो चार महिन्यांच्या सरावाच्या दृष्टीने लांबीच्या कोणत्याही फायद्याहून मोलाचा ठरतो.

उन्हाळ्याचा प्रश्न मोठ्या तलावाला जास्त छळतो. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे 4 लाख 70 हजार लिटर पाणी मावते. 50 मीटर लांब, 21 मीटर रुंद आणि सरासरी 1.8 मीटर खोल तलावाला जवळजवळ 19 लाख लिटर लागते. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, वसलेल्या वाड्या मे महिन्यात टँकरची वाट पाहत असताना एवढा तलाव भरलेला ठेवणे व्यवस्थापनाला अवघड जाते आणि लोकांच्या डोळ्यांत खुपते ते निराळेच. स्पर्धेसाठी पाण्याचे तापमान 25 ते 28 अंश सेल्सिअस अपेक्षित असते. मेच्या दुपारी उघड्या, उथळ तलावाचे पाणी 30 अंशांच्या वर जाते आणि त्यात जोराचा सराव केला तर अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, माणूस लवकर गळून जातो.

समुद्राचे पारडे पूर्णपणे वेगळे आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर साधारणतः डिसेंबरात होणारी राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा किंवा धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे 36 किलोमीटरचे अंतर ज्यांच्या मनात आहे, त्यांना केवळ तलावात पोहून भागणार नाही. खारे पाणी अंगाला उचलून धरते हे खरे. पण भिंत नसते, तळाची रेघ नसते, दर काही हातांनी डोके वर काढून दिशा पाहावी लागते आणि लाट नेमकी श्वास घेण्याच्या बाजूने आली तर दुसऱ्या बाजूने श्वास घेता यावा लागतो. जागेच्या निवडीत चुकीला क्षमा नाही. चिवल्यासारखा खडकांनी आडोसा दिलेला किनारा आणि गणपतीपुळ्याचा उतरता, ओढ असलेला किनारा यांना एका मापाने मोजू नये. भाट्यासारख्या खाडीच्या मुखाजवळ ओहोटीच्या वेळी पाण्यात शिरू नये. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, कोठे आणि कधी लागणार आहे, हे आदल्या दिवशी तेथल्या मच्छीमारांना विचारून घ्यावे. तेच पाण्याच्या ओढीबद्दलही नेमके सांगतात. एकट्याने मात्र कधीही जाऊ नये.

वेळेच्या बाबतीत समुद्र कोणाच्या नोकरीची पर्वा करत नाही, कारण भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब येथे उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते आणि ते दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याचे, असल्यामुळे पाण्याची ओढही कमी असते. म्हणजे सकाळी कामावर जाण्यापूर्वी पोहू इच्छिणाऱ्याला दर पंधरवड्यात सप्तमी ते दशमी हे चार दिवस हाती लागतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती दुपारच्या सुमारास येते आणि सकाळी पाणी आत ओसरलेले असते. पावसाळ्यात तर हा पर्याय बंदच. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिकी मासेमारीही बंद असते. जेथे बोटी जात नाहीत तेथे पोहणाऱ्याने जाऊ नये.

त्यामुळे सागरी स्पर्धेची तयारी करणाऱ्यानेसुद्धा मुख्य सराव तलावातच करावा, ऑक्टोबरपासून भांगाचे दिवस धरून समुद्राची सवय करावी, आणि मोठा तलाव घरापासून तासाभराच्या अंतरावर असेल तर तेथे फक्त रविवारी जाऊन वेळ लावून पाहावी. तासभर जाऊन, तासभर पोहून, तासभर परत येण्याचा क्रम नोकरी-शाळा सांभाळून आठवड्याला पाच दिवस टिकत नाही. वजन, गुडघेदुखी किंवा मधुमेहासाठी पोहणाऱ्यांनी समुद्राचा विचार सोडून द्यावा आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन जवळच्या तलावाची सकाळची बॅच पकडावी. वार्षिक पास स्वस्त पडतो म्हणून लगेच काढू नये. आधी एका महिन्याचा घ्यावा, आणि तो शक्यतो जुलैचा घ्यावा, कारण भर पावसात ज्या तलावाचे पाणी नितळ राहते आणि बॅच ठरल्या वेळी सुटते, तो उरलेल्या अकरा महिन्यांत सहसा दगा देत नाही.